बिनमिठाच्या बाई

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी माझं नाव विचारायच्या आधी मला जीभ बाहेर काढायला सांगितली. मी काढली. जिल्हा परिषदेत नुकतीच नोकरी लागलेली, सोलापुरात ओळखीचं कुणी नाही, तीन घरमालकांनी ‘एकट्या मुलीला देत नाही’ म्हणून दारातून परत पाठवलेलं. जीभच काय, बाईंनी उठाबशा काढायला सांगितल्या असत्या तरी मी काढल्या असत्या. त्यांनी काचेच्या नळीतून दोन थेंब माझ्या जिभेवर टाकले.

“कसं आहे?”

“खारट.”

“ते कुणीही सांगेल. किती खारट?”

मी विचार केला. “लोणच्याच्या खाराइतकं नाही. रडताना डोळ्यांतलं पाणी तोंडात जातं ना, त्याच्यापेक्षा जास्त.”

बाईंनी मला नीट बघून घेतलं. “खोली तुझी. एकच अट. वीज गेली की वर गच्चीवर यायचं. जेवत असलीस तर हात धुऊन, अंघोळीला बसली असलीस तर साबण धुऊन. पण यायचं.”

गच्चीवर काय आहे ते संध्याकाळी कळलं. हिरव्या जाळीच्या सावलीत मधोमध कापलेली निळी पिंपं ओळीनं मांडलेली. प्रत्येकाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. माशांच्या टाकीला असतात तसल्या हवेच्या नळ्या प्रत्येकात सोडलेल्या, त्यानं पाणी सारखं बुडबुडत असलेलं. आणि त्या पाण्यात तांबूस-तपकिरी शेवयांसारखा गुंता हेलकावे खात होता. सोलापुराहून समुद्र गाठायचा तर एसटीत अख्खा दिवस जातो. आणि इथे, यंत्रमागांच्या खडखडाटात, एप्रिल-मे महिन्यात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो अशा गावात, एक निवृत्त प्राध्यापिका समुद्राचं पीक काढायला निघाली होती.

“एवढं शेवाळ कशाला लावलंय, बाई?” मी विचारलं.

“शेवाळ तुझ्या गावच्या विहिरीत. हे समुद्रशैवाल. पुन्हा चुकलीस तर खोली दुसऱ्याला.”

ही दुरुस्ती त्या सगळ्यांना करत. दूधवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, एकदा तर फोनवर चुकून लागलेल्या नंबरालाही केली.

घरात मिठाची पोती होती. समुद्राचं पाणी करायला ते लागायचं, शिवाय आणखी सात-आठ क्षार वेगवेगळ्या बरण्यांत. पण जेवणात मिठाची चिमूट नाही. जिभेला मिठाची चटक लागली की पाण्यातला बारीक फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. खारेपणा मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. रोज सकाळी त्या आधी बोट बुडवून जिभेला लावायच्या, आकडा सांगायच्या, मग यंत्रात बघायच्या. दोन्ही जुळलं की “शाबास” म्हणायच्या. यंत्राला. सोलापुरात राहून शेंगाचटणी बिनमिठाची खाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पेठेतले लोक त्यांना मागून ‘खाऱ्या बाई’ म्हणत. खरं तर अख्ख्या पेठेत त्यांच्याइतकं अळणी कुणी जेवत नसे.

अंबाड्यात पेन्सिल खोचणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या. बाई थर्मामीटर खोचत. पिंपात बुडवायचा, वाचायचा, पदराला पुसायचा, परत अंबाड्यात. भाचीच्या लग्नात सगळ्या बायकांच्या डोक्यात गजरे आणि यांच्या अंबाड्यात ती काचेची कांडी, असा फोटो त्यांच्याच भिंतीवर लावलेला होता.

आमच्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी यायचं. तशात एक बाई गच्चीवर पिंपं भरून ठेवते म्हटल्यावर गल्लीत कुरबुर होणारच. वास्तविक खारं पाणी त्या कधी ओतून देत नसत. उन्हानं जेवढी वाफ होईल तेवढंच गोडं पाणी वर घालायचं, आणि तेवढ्यासाठी स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची. पण हे कोण बघतंय? कुणीतरी डासांची तक्रार केली आणि आरोग्य खात्याचा एक माणूस औषधाचा डबा घेऊन वर आला. बाईंनी त्याच्या हातात चहाची गाळणी दिली.

“एक अळी शोधून दाखवा. मग सगळ्या पिंपांत औषध ओता, मी अडवणार नाही.”

तो तासभर उन्हात गाळत बसला. अळी काही मिळाली नाही. बाईंनी त्याला आत बोलावून गार वड्या दिल्या. गुलाबी, थलथलीत, वेलची घातलेल्या.

“कशाच्या आहेत?” दुसरी उचलत त्यानं विचारलं.

“वर गाळत होतात त्याच्याच. उकळून गाळलं की ‘अगर’ निघतं, गार झालं की गोठतं. आइस्क्रीमला, औषधांना, आमच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला, सगळीकडे लागतं. निम्मं जग खातं आणि कुणाला नाव माहीत नाही.”

पुढच्या महिन्यात तो पाहणीला पुन्हा आला. या वेळी बायकोला घेऊन.

हे वेड बाईंना कुठून लागलं, ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. नोकरीत असताना त्या दरवर्षी वनस्पतिशास्त्राच्या मुलांची सहल कोकणात न्यायच्या. एका खाडीकाठच्या गावात बायकांच्या एका गटानं बांबूचे तराफे बांधून समुद्रशैवालाची शेती सुरू केलेली. बाहेरून आणलेल्या जातीचे तुकडे दोरीला बांधायचे, पाण्यात सोडायचे, दीड महिन्यात काढायचे. त्यातलेच तुकडे पुन्हा बांधायचे. पहिली दोन वर्षं पीक असं आलं की बायका आनंदानं वेड्या झाल्या. तिसऱ्या वर्षी फांद्या मधेच पांढऱ्या पडून गळायला लागल्या. बाई तिथे पोचल्या त्या दिवशी गटाची प्रमुख शेवंतीताई नुसत्या दोऱ्या ओढून किनाऱ्यावर टाकत होती. दोऱ्यांना बर्फासारखे पांढरे तुकडे लटकत होते.

“कशानं झालं असेल हो हे?” तिनं विचारलं.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “पण शोधून काढीन.”

मुलांसमोर, सहलीत, उभ्या-उभ्या दिलेला शब्द. शेवंतीताईंनी तो मनावर घेतला नसेल, पण बाईंनी घेतला. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी पहिलं पिंप कापलं.

कोकणात घर घेऊन तिथेच हे का नाही करत, असं सगळेच विचारत. एका बैठकीत एका मोठ्या तज्ज्ञानं तर सगळ्यांसमोर हसून विचारलं होतं, “मॅडम, सोलापुरात समुद्र कुठून आणणार?”

“पिंपातून,” बाई म्हणाल्या होत्या.

पण त्यांच्याजवळ खरं उत्तर होतं. पावसाळ्याचे चार महिने तिकडचा समुद्र खवळलेला. तराफे टिकत नाहीत, नदीचं गढूळ पाणी आलं की खाडी अळणी होते, ऊन दिसत नाही. पावसाळा संपतो तेव्हा लावायला बियाणंच शिल्लक नसतं; दरवर्षी बाहेरून आणायचं. “समुद्राला चार महिने सुट्टी असते,” त्या म्हणायच्या. “माझ्या गच्चीला नसते. आपल्याकडे पाऊस नाही म्हणून रडतात सगळे. ऊन आहे ना? झाडाला ऊनच लागतं.”

माझे वडील, आमचे आबा, गावाकडून, करकंबहून मला भेटायला आले की भाजीची पिशवी ठेवून आधी गच्चीवर जायचे. आमचा ऊस आहे. आबांना पीक म्हटलं की ते पाण्यातलं असो नाहीतर जमिनीवरचं, बघितल्याशिवाय राहवायचं नाही. पहिल्यांदा बाईंनी त्यांना शेवंतीताईंच्या पांढऱ्या पडलेल्या फांद्यांची हकिकत सांगितली तेव्हा आबा पिंपाच्या काठावर हात ठेवून ऐकत होते.

“म्हंजी तुकडा तोडायचा, लावायचा, वाढला की परत त्याचाच तुकडा?”

“हो.”

“आन् किती वर्सं ह्येच चाललंय?”

“जगभर म्हणाल तर पन्नासेक वर्षं. एकाच झाडाचे तुकडे.”

आबा हसले. “बाई, मग बेणं थकलंय की वो! आमी उसाचं बेणं तीन-चार वर्सांनी बदलतो. न्हाय बदललं तर ऊस उभा ऱ्हातो, पर कांडं बारीक हुतं, रोग लागतो. तोडल्या बुडख्याला फुटतो त्यो खोडवा, त्येचा खोडवा, किती दिस घेनार?”

बाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतक्या सरळ शब्दांत त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अंबाड्यातली कांडी काढली, उगाचच पिंपात बुडवली आणि म्हणाल्या, “आबा, मला त्याचं बी धरायचंय. तुकडा नको, बी. नर वेगळा, मादी वेगळी, त्यांचं लग्न लावून त्यांची पोरं वाढवायची. आणि त्यातली चांगली निवडायची. गहूसुद्धा आधी गवतच होता. कुणीतरी बाईनंच पहिल्यांदा निवडून घरी आणला असणार.”

“तर! गड्याला कुटलं सुचतंय त्ये?” आबा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचं मैत्र जमलं.

बाहेरची जात सोडून बाईंनी शेवंतीताईंच्याच खाडीतली, खडकांना धरून वाढणारी रानटी जात घेतली. ती आणायला त्या स्वतः जायच्या. ओल्या टॉवेलांत गुंडाळून, मासे ठेवतात तसल्या पांढऱ्या खोक्यात भरून एसटीनं परत. एकदा मीही गेले होते. सांगोल्याच्या आसपास खोक्यातून वास सुटला. कंडक्टर म्हणाला, “मावशी, गाडीत मासळी चालत न्हाय. उतरा.”

बाईंनी खोकं उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. “मासळी असली तर मी उतरते. भाजी असली तर तुम्ही माझी बसायची जागा बदलून सावलीकडची द्यायची.”

त्यानं बघितलं. मागचे चार प्रवासीही उठून बघायला आले. बाईंनी तिथेच, चालत्या गाडीत, नर कुठला आणि मादी कुठली यावर व्याख्यान दिलं. मंगळवेढ्यापर्यंत सगळी गाडी ऐकत होती. उरलेला प्रवास आम्ही सावलीकडून केला.

पण पहिली दोन वर्षं हाताला काही लागलं नाही. आणि मग तो एप्रिल आला.

दुपारी एकच्या सुमाराला मोठा आवाज झाला आणि गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मला सुट्टी होती. मी वर धावले तेव्हा बाई आधीच बांबूनं पाणी ढवळत होत्या. नळ्यांतली हवा बंद, ओल्या गोणपाटांवर वारा घालणारे पंखे बंद, इन्व्हर्टर तासाभरात संपला. पाणी कोमटाचं गरम व्हायला लागलं. समोरच्या टॉवेल कारखान्याचे मालक, तेलुगू विणकर घराण्यातले, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचेही माग बंद पडलेले. खिडकीतून त्यांनी दोन बायका घामाघूम होऊन पिंपं ढवळताना बघितल्या आणि काही न विचारता आपले सहा कामगार वर पाठवले. पाठोपाठ स्वतः बर्फाच्या लाद्या घेऊन आले.

“बर्फ थेट टाकू नका,” बाई ओरडल्या, “पाणी अळणी होईल! पिशवीत बांधून सोडा.”

वीज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तोवर बारा पिंपांपैकी नऊ पिंपांतलं सगळं शिजून पांढरं पडलं होतं. दोन वर्षांची जमवाजमव. मला रडू आवरेना. अण्णांचे कामगारही माना खाली घालून उभे होते. बाई पिंपामागून पिंप बघत गेल्या, मेलेलं बादलीत काढत गेल्या. शेवटच्या तीन पिंपांशी त्या बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या.

“इकडे ये,” त्यांनी मला हाक मारली. “हे बघ. याच उन्हात होती, हाच गरमपणा, याच पाण्यात. आणि लाल आहेत.”

“थोडीच आहेत, बाई.”

“थोडीच लागतात. निवड मी करणार होते, ती उन्हानं केली. आता जी उरली ती सोलापूरची.”

मग त्या खाली गेल्या आणि बिनमिठाची भाकरी खाऊन झोपल्या. सकाळी सहाला परत गच्चीवर.

आता प्रश्न होता त्या उरलेल्या झाडांचं बी पाडायचा. मादी झाडांच्या फांद्यांवर खसखशीएवढे फुगवटे धरले होते. बी त्यांच्या पोटात. पुस्तकात लिहिलं होतं की झाड पाण्याबाहेर काढून सावलीत दोन तास सुकू द्यायचं, परत पाण्यात सोडलं की फुगवटे फुटून बी बाहेर पडतं. बाईंनी तसं केलं. दोन तासांत झाडाचा पापड झाला. तास केला, तरी तेच. अर्धा तास केला, तर टोकं करपली आणि मधलं ओलंच.

“पुस्तक समुद्रकाठी लिहिलंय,” बाई वैतागून म्हणाल्या. “तिथली हवा ओली. आपल्याकडे धुणं दहा मिनिटांत वाळतं.”

त्यांनी मग अण्णांच्या कारखान्यातला जाड, लव असलेला टॉवेल पाण्यात भिजवून, पिळून, त्यात झाडं गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. दर खेपेला वेळ बदलायचा, वहीत लिहायचं. बी थोडं थोडं पडायला लागलंही. काचपट्टीवर लालसर धूळ दिसायची. पण ती काचेला धरून राहीना. दोन दिवसांत पाण्याच्या हालचालीनं सुटून जायची. शिंपले ठेवले, विटेचे तुकडे ठेवले, नारळाची दोरी ठेवली. एक-दोन रोपं जगायची, पुढे काही नाही.

आणि मी एक चूक केली. एका रविवारी बाई दवाखान्यात गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या, टॉवेल उलगड, झाडं पाण्यात सोड, टॉवेल वाळत घाल. मी झाडं सोडली आणि तेवढ्यात आईचा फोन आला. टॉवेल पिंपातच राहिला, बुडाला, गुंत्याखाली गेला. माझ्या लक्षातच राहिलं नाही. तीन-साडेतीन आठवड्यांनी पिंप साफ करताना तो हाताला लागला. कुजट वास मारत होता. बाईंना कळायच्या आत फेकून द्यावा म्हणून मी तो उजेडात उचलला, आणि थांबले. टॉवेलाच्या लवेत, सुताच्या प्रत्येक वेटोळ्याच्या, फंद्याच्या मुळाशी, तांबडे ठिपके होते. एक-दोन नाही. गोवर उठावा तसा टॉवेल ठिपक्यांनी भरला होता. काही ठिपक्यांतून केसाएवढे कोंब वर आले होते.

“बाई!” मी गच्चीवरून अशी ओरडले की समोरचे माग थांबले.

बाई वर आल्या. टॉवेल माझ्या हातातून घेतला नाही. तसाच माझ्या हातात ठेवून भिंग लावलं. सगळा टॉवेल बघून झाल्यावर विचारलं, “हा पाण्यात कधीपासून होता?”

“महिना होईल. माझी चूक झाली, बाई. मी विसरले.”

“अशीच विसरत जा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. मग कठड्याशी जाऊन त्यांनी समोर हाक मारली, “अण्णा! वर या! तुमच्या टॉवेलाला मूल झालंय!”

अण्णा आले. भिंगातून बघितलं. चाळीस वर्षं टॉवेल विणलेला माणूस. पण आपल्या फंद्यात कोंब वाढताना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

“पण सूत आहे, बाई,” ते टॉवेलाचा काठ चिमटीत धरून म्हणाले. “सुटत चाललंय. आणखी महिनाभरात खाऱ्या पाण्यात कुजून जाईल.”

“मग?”

अण्णांनी काठ पुन्हा पुन्हा चोळून पाहिला. “नायलॉनचा करू. चार बोटं रुंद पट्टी. फंदा एवढाच ठेवू, थोडा सैल.”

“जमेल?”

“बाई, आमच्या घराण्यात फंदा सोडून दुसरं काय जमतंय?”

पट्ट्या काही पहिल्या फटक्यात जमल्या नाहीत. एक फार गुळगुळीत झाली, एकीचे फंदे ओढले जायचे. पाचवी पट्टी बाईंनी पिंपात टाकली आणि तीन आठवड्यांनी ती तांबडी झाली. पुढच्या पावसाळ्यात, कोकणातला समुद्र खवळलेला असताना, सोलापूरच्या गच्चीवर चाळीस पट्ट्यांवर रोपं वाढत होती, बोटाच्या पेराएवढी. प्रत्येक रोप बियाचं. कुणी कुणाचा तुकडा नाही.

ऑक्टोबर संपता संपता आम्ही त्या घेऊन निघालो. आबांनी शेजाऱ्याचा टेम्पो मिळवला. अण्णांनी कारखाना एक दिवस बंद ठेवला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.

खाडीकाठी शेवंतीताई उभी होती. सोबत फक्त पाच बायका. पूर्वी वीस होत्या.

“बाई, स्पष्टच सांगते,” ती म्हणाली. “बाकीच्या कंटाळल्या. बांबू विकायला काढलेत. यंदा नाही झालं तर आम्ही पण सोडणार. माझ्या सुनेला मुंबईला काम बघितलंय.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “पण यंदाचं लावू नीट.”

त्या साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. पासष्टी उलटलेली बाई, अंबाड्यात थर्मामीटर, तोंडानं सूचना चालू. आबा काठावरून ओरडत होते, “अंतर ठेवा, दाट लावू नका, ऊन लागलं पायजे!” अण्णा पट्ट्या उलगडून एकेक हातात देत होते. दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या तराफ्यांच्या दोऱ्यांना बांधून झाल्या.

मग नुसतं थांबणं. बाई आयुष्यात कधी थांबलेल्या नव्हत्या. त्यांना ते जमेना. दर दोन दिवसांनी फोन. शेवंतीताईंचं उत्तर ठरलेलं, “आहे तसंच आहे.” एकदा माशांनी एक कोपरा खाल्ला, मग गटानं जाळी लावली. एकदा पट्ट्यांवर दुसरीच हिरवट वाढ चढली, ती बायकांनी हातांनी खरवडून काढली. पुढे थंडी सरली, पाणी तापायला लागलं. हाच तो दिवसांचा टप्पा, ज्यात आधीची पिकं पांढरी पडली होती. बाईंचं जेवण कमी झालं. मी त्यांना फोनसमोर बसलेलं बघायचे.

आणि एका सकाळी शेवंतीताईंचाच फोन आला. बाईंनी तो कानाला लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे नुसता गलका. बायका एकदम बोलत होत्या.

“बाई, या! काढणीला या! एक दोरी दोघींना उचलवत नाहीये!”

“रंग?” बाईंनी विचारलं.

“लाल! सगळी लाल!”

बाई खुर्चीवरून उठल्या आणि जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या, परत जिन्यापर्यंत गेल्या. मग कठड्याशी उभ्या राहून अख्ख्या गल्लीला सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा काठावर वीसच्या वीस बायका होत्या. शिवाय शेवंतीताईंची सून, कंबरेला पदर खोचून. तराफे ओढून आणले होते. ओल्या वाळूवर ढिगामागून ढीग, उन्हात तांबडे चमकत. अण्णांनी एका पट्टीवरचं पीक दोन्ही हातांनी उचललं, खाली आपले फंदे दिसतात का बघितलं, आणि ती पट्टी खांद्यावर उपरण्यासारखी टाकून सगळ्या ढिगांतून फिरले. बाई गुडघ्यांवर बसून एकेक फांदी भिंगाखाली धरत होत्या. एकाएकी त्या थबकल्या. फांदीवर खसखशीएवढे फुगवटे होते. खाडीत, मोकळ्या पाण्यात, धरलेले.

“शेवंती,” त्या म्हणाल्या, “याला इथेच बी धरलंय. आता तुम्हाला माझी गरज नाही, सोलापूरची नाही, कुणाची नाही. ऐक, यातली सगळ्यात जाड, शेवटपर्यंत लाल राहिलेली झाडं निवडून…”

बोलता बोलता त्यांचा हात पलीकडच्या एका टोपलीकडे गेला. ती टोपली ढिगापासून वेगळी, सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवलेली होती. फडकं बाजूला सरलं तशी आतली झाडं दिसली. अशी भरदार झाडं साऱ्या ढिगांत दुसरी नव्हती. बाईंनी एक उचलायला बोटं पुढे केली आणि शेवंतीताईंच्या सुनेनं पटकन त्यांच्या हातावर चापट मारली.

“त्याला हात नको, बाई! ती पुढच्या वर्षाच्या पेरणीची आहेत. आम्ही काल सगळ्या मिळून निवडली.”

ज्यांना मी कधी कुणाकडून एक शब्द ऐकून घेताना पाहिलं नव्हतं त्या आमच्या बाई, शाळेतल्या मुलीसारखा हात मागे घेऊन, ओल्या वाळूत बसून राहिल्या. मग खदखदून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी ते फडकं स्वतःच्या हातानं टोपलीवर पुन्हा नीट झाकलं.